नळीजवळची निंबाची डहाळी

ढोमणे सर मले पहिल्यांदा दिसले ते पालथे पडलेलेच दिसले.

आमच्या घराच्या मांगं तलाव आहे. तलावाची पार, म्हंजे पाणी अडवाची ते मातीची उंच भिंत, ते आमच्या गोठ्यापासूनच चढते. गावातलं शेवटचं घर आमचंच. मी पाण्याचा गुंड घेऊन वर चढून राहिली होती, कडेवर बेबी, आन् पाह्यतो तं पारीवर एक टकला माणूस, फुलपँट-बुशशर्ट घातलेला, मातीत तोंड घालून पडला आहे. मले वाटलं मेला. मी "आत्याबाई वं!" म्हणून बोंबलली. तं त्या माणसानं पडल्या पडल्याच एक हात वर केला, चूप म्हणून. माह्या आंगावर काटाच आला, मेलेला माणूस हात कसा वर करन? मंग त्याच्या कानापाशी जमिनीत गाडलेल्या लोखंडी नळीतून आवाज आला. टुप. लेकराच्या तोंडातून थान सुटल्यावर येते ना, तसाच आवाज.

"ऐकलंस?" म्हणे.

"काय जी?"

"पाणी." उठला, गुडघे झटकले, नळीतून दोरी वर ओढली, तिच्या टोकाले लहानशी पितळेची वाटी. मंग त्यानं खाली पाह्यलं. "हे घर कुणाचं?"

"आमचंच होये जी."

"कडेवरचं लेकरू चालतं?"

"नाई जी, रांगते अजून."

"हं," म्हणे. बस, तेवढंच. त्या "हं"चं मले तवापासून भेव बसलं ते बसलंच.

तुमच्या कालेजातून परवा माणूस आला, म्हणे सरांच्या नावानं पुस्तक काढून राहिलो, ज्याइले ज्याइले सर माहीत आहे त्याइनं लिहा. मी म्हणलं बापा, मी आठवीतून घरी बसलेली बाई, मी काय लिहू? तं तो म्हणे, जसं बोलता तसंच लिहा. म्हणून लिहून राहिली. सर गेले हे बी मले त्याच्याच तोंडून समजलं. लिहायचं तं आहेच, पन मले तुमाले एक सांगायचं बी आहे. ते शेवटी सांगतो, नाईतं सारं उलटंपालटं होईन.

आणीबाणी उठून गेली होती त्या बखताले सर आमच्याकडं आले. नागपुरात मोठ्या इंजिनेरीच्या कालेजात शिकवाचे. जुन्या लोकाइनं शिमिट नाई, लोखंड नाई, निरा मातीची पार बांधली, ते इतक्या पिढ्या कशी उभी राहिली, आन् जाईन तं कोठून जाईन, हे त्याइले पाह्याचं होतं. त्यासाठी पारीत वरून खालपर्यंत नळ्या गाडल्या. बुधवारी रेल्वेनं वरठीले उतराचे, टेशनाबाहेर पानठेल्यावर सायकल ठेवली राहे, ते घेऊन शहापूरच्या रस्त्यानं आमच्या गावाले. गावानं नाव ठेवलं नळीवाले सर. कोणी म्हणे मालगुजाराचं गाडलेलं सोनं धुंडून राहिला. आमच्या आत्याबाई, म्हंजे माही सासू, त्याइचं येगळंच. "नागपूरचा होये तो. नळी लावून आपला तलाव नागपूरले नेऊन राहिला पाहाय."

सरनं ऐकलं तं हासले. "माय, नागपूरला नेलं तर तुम्हीच प्यायला या."

वाटी त्याइनं भंडाऱ्याच्या तांबटाकडून ठोकून घेतली होती, उलटी सोडाची वाटी, खाली पाण्याले टेकली का टुप वाजे. दोरीले जागोजागी गाठी. पाणी खाली असलं तं दोरी जास्त लागे, वर आलं तं कमी लागे. कालेजात त्याइच्यापाशी मशीन होती म्हणे बॅटरीवाली, पन आणत नोयते. "मशीन मला आकडा सांगते," म्हणत, "वाटी मला थांबायला लावते."

आमच्याकडं त्याइची पिशवी राहे, आन् एक काचेचा गिलास. त्या गिलासात चहा द्यायची मनाई. एकदा माह्या घरवाल्यानं, तो वरठीच्या कारखान्यात जाते, ड्युटीवरून घाईनं आला आन् त्यातच ताक पिला, तं सर आंगणात उभे राहून राखेनं तो गिलास घासत बसले. पारीच्या पायथ्याशी, आमच्या गोठ्याच्या मांगं, बाराही महिने थोडंथोडं पाणी पाझरते. ते गिलासात घ्याचे, सुर्व्याकडं धराचे, आन् एक डोळा मिटून पाह्याचे.

मी इचारलं, "काय दिसते जी त्याच्यात?"

"काही नाही दिसत. तेच पाहायचं आहे." मंग मले जवळ बोलावलं. "हे बघ बाई. पाझर स्वच्छ असला तर पार नुसती रडते. रडू दे. पण पाझर गढूळ झाला, तर पाणी पार खाते. आतून माती काढून नेते. हळूहळू नेते, आणि मग एकदम नेते. ज्या दिवशी हा गिलास गढूळ दिसेल, त्या दिवशी कुणाला विचारू नको. लेकरू घे आणि निघ."

आता सांगा, असं सांगतल्यावर बाईले झोप येईन का? मी तवापासून रोज सकाळी उठली का पहिलं गोठ्यामांगं जाऊन पाणी पाहो. आत्याबाई म्हणत, "दुसऱ्याच्या सुना देवाचं तोंड पाह्यते, आमची पाझर पाह्यते."

सर आमच्या घरात कधीच पारीकडं पाठ करून बसले नाई. जेवाले बसले तं मांगच्या दाराकडं तोंड करून, डोळे वर पारीवर. आंगणात चपला सोडत त्या बी बाहेर तोंड करून. आन् एक दिवस बेबीचा पाळणा पाह्यला, मांगच्या भिंतीपाशी बांधलेला, तं ताट बाजूले सारलं, उष्ट्या हातानंच दोरी सोडली, समोरच्या खोलीतल्या लाकडाले पाळणा बांधला, दाराच्या एकदम जवळ, आन् परत येऊन जेवले. आत्याबाईचं तोंड उघडंच. म्हणे, "आता आमच्या घरी पाळणा बी हाच बांधन काय!"

पाण्याले सर गजब भेत. घोट्याच्या वर पाण्यात कधी गेले नाई. पोट्टे खिदळत, "सर, तलावाचे मास्तर आन् पोहता येत नाई?" सर म्हणत, "पोहता आलं असतं तर भीती गेली असती. भीती गेली असती तर मी इथं कशाला आलो असतो?" मले एकदा म्हणाले, "तुझी भीती चांगली आहे, बाई. ती पुसू नको. या गावात भिणारं एक माणूस मला हवंच होतं."

मले हे आवडलं बी नाई, आन् बरं बी वाटलं.

आता मायच्या नळीचं सांगतो.

पारीवर मोहाच्या झाडाखाली मातामाय आहे, शेंदूर लावलेले गोटे. गावात गोवर आली, माता आली, का बाया जाऊन मायवर थंड पाणी ओतते, माय थंडावली का लेकराचा ताप उतरते. सरची एक नळी नेमकी मायच्या बाजूलेच आली. पहिले तं कोणी तरी कुंकू लावलं. मंग कोणीतरी बोललं का माय खाली राह्यते, वर ओतलेलं पाणी पोचन का नाई कोणाले माहीत, पन नळी तं सीधी खाली जाते. झालं. बाया लोटे घेऊन नळीतच ओतू लागल्या.

सरची वाटी त्या नळीत उलिसी, हातभरच सोडली का टुप. सर घाबरले. दुसऱ्या नळ्याइत पाणी खाली, आन् एकातच वर कसं? चिकणमातीत पाणी उतराले उशीर लागते, लोटाभर ओतलं तरी नळी कितीतरी दिवस फुगलेली राह्यते. मंग एक दिवस त्याइले नळीच्या तोंडाशी तांदळाचे दाणे दिसले, समजले. नळीले लोखंडी झाकण बसवलं.

मंग काय! बाया पारीवर चढल्या. आत्याबाई पुढं. "मायचं तोंड बंद केलं ह्यानं! उद्या लेकराइले काई झालं तं नागपूरहून येशीन का तू औषध घेऊन?"

सर भांडले नाई. खाली बसले, झाकण काढलं, हातात घेऊन उलटंपालटं केलं. "बरोबर आहे माय," म्हणे, "कुणाचंही तोंड बंद करू नये. पण ओतलं तर मला सांगाल ना?" साऱ्या म्हणाल्या हाव हाव, सांगू.

कोणी सांगन का? बायाइले वाटलं, सांगतलं तं हा पुन्हा झाकण बसवन. म्हणून ओतलं तरी "नाई जी, कोणीच नाई ओतलं." सर बिचारे खरं समजत.

त्याच पाणकळ्यात आमच्या बेबीले गोवर निघाली. आंग तव्यावानी. मी तं रडून रडून अर्धी झाली. त्या बुधवारी सर आले, मायच्या नळीत वाटी सोडली, सोडताच टुप. गाठी पाह्यल्या, पुन्हा सोडली. पुन्हा टुप. त्याइचं तोंड पांढरं पडलं. घरोघरी गेले. "खरं सांगा, कुणी ओतलं का?" साऱ्या म्हणाल्या नाई. आत्याबाई बी म्हणाल्या नाई. तलाव तं काठोकाठ. मंग सरनं कोतवालाले दवंडी द्याले लावली, भंडाऱ्याले माणूस पाठवला, सरकारी जीप आली, आन् खालची सारी घरं शाळेत. भर पावसात मी तापलेली पोट्टी पदरात घेऊन शाळेच्या वर्गात, कोपऱ्यात कोणाच्या तरी शेळ्या, बुढ्या माणसाचा खोकला, आन् सारे कान देऊन, आता येते का मंग येते.

पार काई फुटली नाई. दुसऱ्या दिवशी साहेब लोकाइनं नळीत वाकून पाह्यलं, मंग मायकडं पाह्यलं, मंग बायाइकडं. आत्याबाईनं डोक्यावरचा पदर ओढला. म्हणे, "ओतलं जी म्या. नातीच्या आंगात माता होती. रोजच ओतलं."

अस्सा हासला तो साहेब! सारे हासले. पाटलानं तं बोलणंच लावलं, "नळीवाल्यानं अख्ख्या गावाले शेळ्याइत झोपवलं." सर एकटे हासले नाई. आत्याबाईपाशी आले. मले वाटलं आता रागावते.

"नात बरी आहे का माय?"

"हाव जी. ताप उतरला."

"मग चांगलं केलंस." नळीकडं बोट केलं. "आता एक कर. ओतलं ना, की कडुनिंबाची डहाळी नळीजवळ खोवत जा. तोंडानं सांगू नको. मी कुणाला विचारणार नाही, झाकणही लावणार नाही. डहाळी दिसली की समजेन पाणी मायचं आहे. नाही दिसली, तर समजेन तलावाचं."

माताची डहाळी तं निंबाचीच राह्यते, बायाइले ते पटलं. आन् आत्याबाईनं मंग हे काम असं धरलं का इचारू नोका. कोणी ओतून डहाळी खोवाची विसरली तं पारीवरून नावानिशी शिव्या. "तुह्या लोट्यापायी माही नात वाहून जाईन ना वं, भवाने!" डहाळी सुकली का समजाचं जुनं पाणी, हिरवी असली का आजचं. सर येत, पहिले डहाळी पाहत, मंग वाटी सोडत. एवढा शिकलेला माणूस, पन आमच्या निंबाच्या पानावर त्याचा भरोसा बसला.

पन सरवर मात्र आता कोणाचा भरोसा राह्यला नोयता. पोट्टे मांगून वरडत, "सर, शाळेत जाऊ का?" कालेजानं बी म्हणे काम बंद कराले लावलं. तरी सर येत, आपल्या मनानं. वाळले होते. खोकत.

मंग ते साल आलं. धान गर्भात होता, म्हंजे दाणा भराच्या आंधी लोंबी पोटात राह्यते तो बखत, तवाच शेताच्या बांधीत पाणी लागते. तलाव भरला होता. मी सकाळी गोठ्यामांगं गेली. पाझर दिसला तं, पन त्याच्या तोंडाशी मातीचं लहानसं वारूळ झालं होतं, आन् मधातून पाणी असं उकळून राहिलं होतं, चुलीवर पेज उकळते तसं. मी गिलास भरला. वर धरला. मले माह्या हाताची बोटं गिलासाच्या पलीकडून दिसली नाई.

सर म्हणाले होते इचारू नोको, निघ. पन घरवाला ड्युटीवर. मी झोपलेली बेबी उचलून कडेवर घेतली, पन एकटी जाऊ कोठी? आन् तो दिवस बुधवार होता हे माहं नशीब. सायकलीची घंटी वाजली. मी गिलास घेऊनच रस्त्यावर धावली. सरनं गिलास पाह्यला, सायकल तशीच आडवी टाकली, आन् पारीवर चढले, मांगं आत्याबाई, त्याइच्या मांगं मी. मायच्या नळीजवळ वाकले. डहाळी नाई. सुकलेली बी नाई.

"माय," सर म्हणाले, "खरं सांग."

आत्याबाईनं माह्या कडेवरच्या बेबीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिची आन आहे. म्या नाई ओतलं. कोणी बी नाई ओतलं."

सरनं वाटी सोडली. सोडताच टुप.

लोकं गोळा झाले. ज्याले समजलं तो माती आन् तणस, म्हंजे धानाचा पेंढा, घेऊन धावला, ते उकळणारं तोंड बुजवाले. आपल्या लोकाइचं तेच, भगदाड दिसलं का बुजव. सर खाली उतरत उतरत वरडले, मी त्याइचा आवाज तेवढा मोठा कधी ऐकला नोयता, "बुजवू नका! इथं बुजवलं तर दुसरीकडून फोडेल! पाणी जाऊ द्या, माती धरा! रेती आणा, रेतीवर गिट्टी!"

पाटील आला. "सर, मांगच्या खेपेले आमाले पळवलं, यंदा काय करता?"

"तुडुम उघडा. तलाव खाली करा."

तुडुम म्हंजे पारीतून पाणी सोडाची जागा. पाटील म्हणे, "धान गर्भात आहे. पाणी सोडलं तं दिवाळीले काय तणस खावं? बायाइनं ओतलं असन लोटा."

"डहाळी नाही," सर म्हणाले.

"काय?"

"नळीजवळ डहाळी नाही."

पाटील हासला, आजूबाजूचे बी हासले. सरनं माह्या हातातला गिलास घेतला आन् पाटलाच्या हातात देला. "उन्हात धरा." पाटलानं धरला. धरून पाहतच राह्यला. मंग ते पाणी हळूच खाली ओतलं, जसं काई सांडू नये. म्हणे, "माह्या घराच्या बांधकामाची रेती आहे. न्या." तुडुम बी उघडलं, पन अर्धंच. अर्ध्यावर त्याचा हात अडला.

मंग सर माह्याकडं फिरले. "तू अजून इथं?"

घरवाल्याले कोणीतरी बलावून आणलं होतं. त्याइनं मले सायकलीच्या मांगं बसवलं, बेबी मांडीवर, माहेरी वरठीले न्याले. आत्याबाई आल्या नाई. म्हणे, माय इथं आहे तं मी कोठी जाऊ. रस्ता पारीच्या टोकाशी वळते, तिथून अख्खी पार दिसते. मी मांगं पाह्यलं.

माणसं टोपले डोक्यावर घेऊन उभी होती, जो जिथं होता तिथंच. रेती आणणारे बी थांबलेले, पाटील बी, आत्याबाई बी. आन् मधात सर, मोहाच्या झाडाखाली, पालथे, नळीले कान लावून. एक हात वर. चूप म्हणून. सारं गाव त्या एका हाताकडं पाहून राहिलं होतं. मी बी सायकलीवर श्वास धरला. पन तेवढ्या दूरून टुप कसं ऐकू येईन. रस्ता वळला, मले तो हात खाली आलेला दिसला नाई.

त्या साली पार राह्यली. दोन दिवसानं मी परत आली तवा सर गेले होते, आन् गोठ्यामांगं रेती-गिट्टीचा ढीग, त्याच्यातून पाणी येत होतं ते निर्मळ. जाताना सरनं वाटी आत्याबाईजवळ देली. म्हणे, "माय, आता तू ऐक." मंग सर आले नाई. आम्ही कितीतरी बुधवार पाह्यले. टेशनावरची त्याइची सायकल पानठेल्यावाल्यानं आणून देली, ते अजून आमच्या ओसरीत आहे.

आत्याबाईले आता ऐकू येत नाई. वाटी मी सोडतो. बेबी शाळेत जाते, तिच्या पाठचा पाळण्यात आहे. पाटलाचा पोरगा आता पाटील झाला. त्यानं यंदा पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्यावर, जिथून जास्तीचं पाणी निघते तिथं, फळ्या ठोकल्या.

मले जे सांगायचं होतं ते हेच जी. मी काई शिकलेली नाई, माहं चुकत असन. पाझर अजून निर्मळ आहे, मी रोज पाह्यतो. पन मांगच्या पंधरवड्यापासून मायच्या नळीत दोरी कमी कमी लागून राहिली. गावात गोवर नाई. मी घरोघरी जाऊन इचारलं. आत्याबाईच्या कानाशी तोंड नेऊन वरडून इचारलं, "आत्याबाई, तुमी ओतलं का?" त्याइनं माह्याकडं पाह्यलं, अन् मंग हळूच खिडकीतून पारीकडं.

"म्या कायले ओतू? माय तं थंडच आहे."

सरासारखा कोणी असन तं लौकर पाठवा. पुस्तक मंग काढा. आज सकाळी वाटी सोडली, नळीच्या चारी बाजूनं पाह्यलं. डहाळी नाई. पाळणा समोरच्या खोलीत दाराजवळ आहे, आन् आंगणात आमच्या साऱ्यांच्या चपला बाहेर तोंड करून ठेवल्या आहे, बेबीच्या बी.